वाढीव जागा

१

चिमीच्या मते कामं दोनच तऱ्हेची असतात, बंद करून करायची आणि चालू ठेवून करायची. पहिली कोणीही करतं. दुसऱ्या तऱ्हेचं काम निघालं की सगळं तपासणी केंद्र तिच्या तोंडाकडे बघत बसायचं, आणि ते तिला मनातून फार आवडायचं. वरवर मात्र ती कायम कुरकुरत असे.

केंद्र मोठं होतं. तळमजल्यावर रक्त घ्यायचं, वरच्या मजल्यावर तपासायचं, आणि त्याचे रिपोर्ट तिसऱ्या मजल्याच्या टोकाला सर्व्हर रूममध्ये जाऊन पडायचे. तिथलं सगळं चिमीच्या अंगावर होतं. खाली काउंटरवर तिला मॅडम म्हणत, साहेब आडनावाने हाक मारत, आणि चिमी हे घरचं नाव ऑफिसात एकाच माणसाच्या तोंडी होतं. तो म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. तो एसी मेकॅनिक होता, सर्व्हर रूमच्या एसीची देखभाल त्याच्याकडेच होती. दादा आला की जिन्यापासूनच "चिमे, कुठे आहेस गं" अशी हाळी द्यायचा, मग समोर साहेब असोत नाहीतर पेशंट. तिने त्याला परोपरीने सांगून पाहिलं आणि शेवटी नाद सोडला.

त्या रविवारी सकाळी दोन कामं एकत्र आली होती. एसीचा ब्लोअर घरघर करत होता, आणि रिपोर्टच्या मशीनची डिस्क काठोकाठ भरत आली होती. मशीन म्हणजे हात लावून दाखवता येईल असं काही नव्हे. सर्व्हर रूममधल्या एकाच लोखंडी पेटीत वीस-पंचवीस कॉम्प्युटर असल्याचं सोंग चालायचं. त्यातल्या प्रत्येक सोंगाला वाटायचं की आपणच एक पूर्ण कॉम्प्युटर आहोत, आपल्याला आपली डिस्क आहे, आपली जागा आहे. रिपोर्टचं मशीन हे त्यातलंच एक. ते बंद पडलं तर खाली बाकांवर बसलेली माणसं कागद न घेता घरी जातील आणि डॉक्टर फोन करून साहेबांचा जीव खातील. म्हणून ते बंद करायचं नाही, चालू ठेवूनच त्याची डिस्क वाढवायची, असं ठरलं.

"तू तुझं वाढव, मी माझं उघडतो," दादा म्हणाला. त्याने कपाळाला बॅटरीचा पट्टा बांधला, अवजारांची पिशवी दाराच्या आतल्या अंगाला टेकवली आणि पुढे गेला. दार जाड, लोखंडी, डोळ्यांच्या उंचीवर वाटीएवढी गोल काच असलेलं. ते लागलं की आतली हाक बाहेर येत नसे. म्हणून त्यांची जुनी रीत होती. दादा आत गेला की दोघांनी फोन चालू करून ठेवायचा, त्याचा खिशात, तिचा टेबलावर स्पीकर लावून. मग त्याला काही लागलं तर तिथूनच सांगायचा. एरवी त्याची शिट्टी ऐकू येत राहायची. एकच चाल, तीही निम्मी. पुढचं त्याला कधी येतच नव्हतं.

२

काम चिमीच्या हातातलं होतं. स्क्रीनवर डिस्कचा आकडा असलेली चौकट उघडायची, आकडा मोठा करायचा, ओके म्हणायचं. ही झाली पहिली पायरी. पण एवढ्याने मशीनला काही कळत नाही. घरमालकाने मागची भिंत सरकवून खोली मोठी करावी आणि भाडेकरूला सांगूच नये, तशी गत असते. म्हणून मग मशीनच्या आत शिरून त्याला सांगावं लागतं की बाबा, जागा वाढली आहे, बघून घे. आणि त्याने बघितली की ती त्याच्या नावावर चढवून द्यायची, म्हणजे काम संपलं.

तिने आकडा वाढवला. झालं, असं पेटीने सांगितलं. ती मशीनच्या आत गेली. तिथे डिस्क जुन्याच मापाची होती.

असं होतं कधीकधी. तिने मशीनला पुन्हा बघायला लावलं. मशीनने पाहिल्यासारखं केलं आणि जुनाच आकडा पुढे ठेवला.

इथे चिमीने ती चूक केली जी फक्त याच धंद्यातली माणसं करतात. आत दिसत नाही, त्या अर्थी दिलंच गेलं नसणार, असं धरून तिने आकडा आणखी वाढवला. पेटी म्हणाली झालं. आत काहीच नाही. तिसऱ्या वेळी तिने तो रागाच्या भरात वाढवला, लहान मुलाच्या पानात बळेच वाढावं तसा. पेटी पुन्हा म्हणाली झालं.

टेबलावरच्या फोनमधून ब्लोअरची घरघर येत होती. ती आता लांबून येत होती. दादाने काहीतरी बंद केलं असेल, असं तिने धरलं आणि खुर्ची पुढे ओढली.

३

"चिमे, एसी मागे सरकवलात का तुम्ही?"

"कोण सरकवणार? भिंतीला ठोकलेला आहे तो."

"मग भिंत सरकवली असेल." दादा हसला. "अगं, पाना घ्यायला दाराशी आलो होतो. आता परत जातोय, तर एसी काही येईना."

"डोळे तपासून घे."

"डोळे शाबूत आहेत माझे. तू आपली डिस्क बघ."

तो पुन्हा शिट्टी वाजवायला लागला. काही अडलं की तो शिट्टी वाजवायचा, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. शाळेत गणित अडलं की घरभर शिट्टी आणि मग आईचा धपाटा. तिला हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं की शिट्टी दोनदा ऐकू येते आहे. एकदा दादाची, आणि जराशाने तीच पुन्हा, बारीक.

फोनमध्ये होतं असं, तिने स्वतःला समजावलं. जाड दार, लोखंडी कपाटं, आवाज फिरून परत येतो. पण ती खोली दहा-बारा पावलांची. तिथे घुमायला जागाच नव्हती. इतकी वर्षं ते फोन चालू ठेवत आले होते, कधी काही घुमलं नव्हतं.

दादा थांबला. मागचा बारीक आवाज निम्म्या चालीपर्यंत आला, आणि तिथे न थांबता पुढे गेला. चालीचा उरलेला भाग त्या आवाजाने सरळ, न अडखळता, शेवटपर्यंत वाजवला.

"तू वाजवलीस?" दादाने विचारलं.

"मला शिट्टी येते का?"

"नाही येत," तो म्हणाला. त्याच्या आवाजातली चेष्टा गेली होती.

४

चिमी उठली आणि दाराच्या गोल काचेला डोळा लावला.

आतले दिवे नेहमीचे होते. कपाटांची रांग नेहमीची होती, प्रत्येकावर तिने स्वतः चिकटवलेली चिठ्ठी होती. रांग संपते तिथे एसी आणि त्यामागे पांढरी भिंत दिसायला हवी. ती दिसत नव्हती. चिठ्ठ्यांची कपाटं संपल्यावर बिनचिठ्ठीची कपाटं होती, तशीच, त्याच बांधणीची, पण त्यांच्यावर एकही दिवा लुकलुकत नव्हता. त्यांच्या पुढे कपाटंही नव्हती. नुसती फरशी होती, आणि फरशीवर कुठेतरी खूप आत एक पिवळा ठिपका हलत होता.

काचेत मागचं प्रतिबिंब पडलं असेल. तिने मागे वळून टेबलाचा दिवा बंद केला आणि परत पाहिलं. ठिपका तिथेच होता, दादाच्या कपाळावरच्या बॅटरीचा.

चष्मा पुसून ती पुन्हा टेबलाशी आली, कारण असल्या वेळी तिला आकड्यांवाचून कुणाचा आधार वाटत नसे. तीन वेळा मिळून आपण या मशीनला किती जागा दिली, याची तिने बेरीज केली. आणि मग तिच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढी जागा पेटीत नव्हतीच. त्यात नवल काही नव्हतं खरं तर. पेटी जागा शब्दावर देते. घे म्हणते, आणि मशीन जसजसं वापरेल तसतशी खरी जागा काढून देते. असा नुसता शब्द असेल नसेल तेवढ्या जागेचा देता येतो, त्याने काही बिघडत नाही. पण शब्दावर दिलेली जागा कुणी चालत जाऊन मोजत नसतं.

तिने दार उघडलं. थंडी अंगावर आली, नेहमीच्यापेक्षा कोरडी. ब्लोअरचा आवाज इतका लांब होता की तो तिला आठवतोय की ऐकू येतोय हे सांगता आलं नसतं. तिने एक पाय आत टाकला. पायाखाली फरशी साधी, रोजची होती. तिला दादामागे धावत जावंसं वाटलं, अगदी आतून वाटलं. पण आपण आत गेलो तर टेबलाशी कोण बसेल, हा विचार आला आणि तिने दार उघडंच ठेवून पाय मागे घेतला. त्याबद्दल तिला पुढे बरेच दिवस वाईट वाटत राहिलं. खरं तर तेच तिचं त्या दिवशीचं सगळ्यात शहाणपणाचं काम होतं.

"दादा, परत फीर," ती फोनवर म्हणाली. "एसी राहू दे. सरळ दाराकडे ये."

"काय झालं?"

"ये तू."

पिवळा ठिपका वळला.

५

टेबलावरचा ऑफिसचा फोन वाजला. वहिनी होती.

"यांचा फोन मघापासून बिझी येतोय. जेवायला येणार आहेत ना? का तुझ्याकडेच अडकले?"

"येतोय, वहिनी. निघतोच आहे."

"तुम्हा भावंडांचं 'निघतोच' मला माहीत आहे. पाठव त्यांना लवकर."

चिमीने फोन ठेवला. वहिनीशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती. हे खोटं ठरू नये, एवढी एकच गोष्ट आता तिला हवी होती. डिस्क, रिपोर्ट, साहेब, सगळं गेलं खड्ड्यात.

"चालतोय गं," दादा सांगत होता. "पण तुझं दार जवळ येत नाही. दिसतंय चांगलं. तू उभी आहेस तेही दिसतंय."

तिने ठिपक्याकडे पाहिलं. तो चालताना हलावा तसा वर-खाली होत होता, पण मोठा होत नव्हता.

दिलेलं परत घ्यावं, हे तिला आधी सुचलं. पण डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही. नवख्या माणसाला या धंद्यात पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. मशीनच बंद करून टाकावं, हे तिला मग सुचलं, आणि बोट त्या बटणावर गेलंही होतं. पण ती जागा होती कुणाची? पेटीने ती देऊन टाकली होती. मशीनने ती घेतली नव्हती. ज्या जागेला घेणाराच नाही ती जागा, घेणारं मशीन बंद झाल्यावर कुठे जाईल? आणि तिच्यात उभा असलेला माणूस? तिने बोट उचललं आणि मांडीवर पुसलं.

"चिमे."

"बोल."

"इथे मध्येच एक दार आहे. येताना नव्हतं हे." तो हळू बोलत होता. "छोटंसं आहे, वाकून जावं लागेल असं. त्याच्या बाजूने जायला वाट नाही."

"मी तुला दिसत होते ना?"

"दाराच्या वरून दिसतेस. पण जायचं झालं तर यातूनच." मग तो थांबला. "आत कुणीतरी आहे. शिट्टी वाजवतंय. माझीच."

"उघडू नको. हात लावू नको. तू तिथेच थांब," चिमी म्हणाली. "दादा, मी सांगेपर्यंत थांब."

"बरं."

६

तिने खुर्ची ओढली आणि बसली. तिला आता घाबरायला सवड नव्हती.

जागा परत घेता येत नाही. मग ती ज्याची त्याला देऊन टाकायची, एवढंच उरतं. काम सुरू केलंस तर संपव, असं आई म्हणायची, तेव्हा चिमीला राग यायचा. तिने मशीनच्या आत शिरून डिस्क बघणारी व्यवस्थाच एकदा बंद केली आणि नव्याने चालू केली. मघाशी तिने चुकीच्या ठिकाणी बघायला सांगितलं होतं, तेही तिला आता दिसलं. भाडेकरू पुढच्या दाराशी बघत होता आणि भिंत सरकली होती मागची.

या वेळी मशीनला सगळं दिसलं. स्क्रीनवर एक लांबलचक पट्टी आली. डावीकडे जुनी भरलेली जागा. उजवीकडे नवी, रिकामी, तिन्ही वेळची मिळून, पट्टीचा उरलेला सगळा भाग. आणि दोन्हींच्या मध्ये एक बारीक कप्पा.

असा कप्पा बहुतेक मशीनमध्ये असतो. मशीन उभं करणारा तो ठेवून जातो, पुढेमागे मशीन कोसळलं तर त्याच्या आधाराने पुन्हा उभं करता यावं म्हणून. त्याला कुणी हात लावत नाही. बहुतेकांना तो आहे हेही माहीत नसतं. पण नवी जागा जुनीला जोडायची तर दोन्ही लागून असाव्या लागतात, आणि मध्ये हा बसलेला असला की जोडता येत नाही. डिस्क वाढवणाऱ्या निम्म्या माणसांचं घोडं नेमकं इथे अडतं.

ती त्या पट्टीकडे बघत राहिली. उजवीकडच्या रिकाम्या भागात, कप्प्याच्या अगदी कडेला, दादा उभा होता. हे काही स्क्रीनवर दिसत नव्हतं. पण चिमीला आपल्या हाताची बोटं दिसावीत इतकं ते स्वच्छ कळलं.

"दादा, दारापासून मागे सरक," ती म्हणाली.

"सरकलो."

"पुढची वाट मोकळी झाली की धावत सूट. मागे बघू नको."

"अगं, काय करतेस ते सांग तरी."

"नंतर सांगते."

कप्पा काढून टाक, असं तिने मशीनला सांगितलं. पुढे एक इशारा आला. हा कप्पा वापरात आहे. तरीही काढायचा?

असले कप्पे कधी वापरात नसतात. ती क्षणभर त्या ओळीकडे बघत बसली. आतलं जे काही होतं ते मशीन उभं राहिल्या दिवसापासून तिथे बसलेलं असणार. जिन्यावरून "चिमे" अशी हाळी तिने ऐकली, तशी त्यानेही ऐकली असेल. आणि दादाची शिट्टी तर दर वेळी, अगदी जवळून. आपण त्याचं घर पाडतोय, असं तिच्या मनात आलं. मग तिला वहिनीचा आवाज आठवला आणि तिने हो म्हटलं.

फोनमधली शिट्टी मध्येच तुटली.

"दार गेलं," दादा ओरडला, आणि त्याच्या बुटांचा आवाज सुरू झाला.

आता कप्पा गेला होता, जोडायला काहीच अडचण नव्हती. एक कळ दाबली की सगळी नवी जागा मशीनच्या नावावर चढणार होती. पण ती आताच चढवली तर त्या जागेत जो असेल तोही त्यात जाईल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने टेबल दाराकडे फरफटत ओढलं, एक पाय दारात रोवला, एक हात कीबोर्डवर ठेवला, आणि अशा वेड्यावाकड्या अवस्थेत आत बघत उभी राहिली.

ठिपका आता मोठा होत होता. दादाचे हात दिसले, त्याचा हेलपाटत धावणारा देह दिसला. तो बिनचिठ्ठीच्या कपाटांशी आला. आणि त्याच्यामागे, बऱ्याच अंतरावर, दुसरा एक दिवा होता. तोही माणसाच्या कपाळाच्या उंचीवर. तो खाली होता, मग हळूहळू वर आला, बुटक्या दारातून वाकून बाहेर पडलेल्या माणसाने कंबर सरळ करावी तसा. मग तोही धावायला लागला. बुटांचा आवाज मात्र एकाच माणसाचा येत होता.

"ये, ये, ये," चिमी पुटपुटत होती. तिला स्वतःला ते ऐकू येत नव्हतं.

दादा चिठ्ठ्यांच्या कपाटांत शिरला. त्याचा खांदा तिच्या खांद्यावर आदळला, तो दारातून बाहेर फेकला गेला, आणि तिने कळ दाबली.

मागचा दिवा चिठ्ठ्यांच्या शेवटच्या कपाटापर्यंत आला होता. तो विझला नाही, दूर गेला नाही. तो जिथे होता तिथे आता एसी होता आणि त्यामागे पांढरी भिंत होती.

७

खोली दहा-बारा पावलांची होती. ब्लोअर भिंतीवर घरघरत होता, अर्धवट उघडलेला, त्याची जाळी खाली फरशीवर ठेवलेली. चिमीने आत न जाता दारातूनच सगळं दोनदा बघून घेतलं आणि मगच तिचा जीव भांड्यात पडला. इतका पडला की ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

खालून काउंटरवालीचा फोन आला. "मॅडम, झालं का तुमचं? रिपोर्ट एकदम भराभर यायला लागलेत."

"झालं," चिमी म्हणाली. "सगळं झालं."

दादा भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसला होता. तिने दिलेली पाण्याची बाटली त्याने एका दमात संपवली आणि दुसरी मागितली. कपाळाचा पट्टा काढून त्याने बाजूला ठेवला. मग तो तिच्याकडे असं बघायला लागला, जणू ती खूप दिवसांनी भेटली आहे.

"वार कोणता गं आज?"

"रविवार. असं काय विचारतोस?"

"अजून रविवारच आहे?" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा सैल झाला की चिमीला त्याच्याकडे बघवेना. "मग बरं झालं. बरं झालं बाई."

तेव्हा तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. सकाळी वहिनीने त्याला बळेच दाढी करायला लावून पाठवलं होतं, त्यावरून तो जिन्यात कुरकुरलाही होता. आता त्याच्या गालांवर चांगले खुंट वाढले होते, त्यात पांढरेही होते. ओठ सुकून फुटले होते.

"दादा," तिने हळूच विचारलं, "किती वेळ होतास तू आत?"

"ते जाऊ दे."

"सांग ना."

"तू थांब म्हणालीस, म्हणून थांबलो." त्याने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "आधी उभा होतो. मग खाली बसलो. दोनदा झोप लागली असेल, तीनदाही असेल, तिथे कळत नव्हतं. मग एकदाची तू म्हणालीस, मागे सरक."

त्या दोन वाक्यांच्या मध्ये चिमीने खुर्ची ओढली होती, एक गोष्ट बंद करून चालू केली होती आणि एका पट्टीकडे बघितलं होतं. त्याहून जास्त काही नाही.

"अरे, मग हाक का नाही मारलीस? फोन चालू होता की."

"तू काम करत होतीस," दादा म्हणाला. "मध्ये बोललं की चिडतेस."

चिमीने डोळे पुसले, टेबलावरचा ऑफिसचा फोन उचलून वहिनीचा नंबर लावला, आणि घंटा वाजायला लागल्यावर तो जमिनीवर बसलेल्या दादाच्या कानाला धरला. पलीकडून वहिनीचं रागावणं सुरू झालं. जेवण गार होतंय, दर रविवारचं हेच, बहिणीकडे गेलात की घर विसरता. दादा डोळे मिटून ते सगळं शेवटपर्यंत ऐकत राहिला. एकदाही त्याने तिला मध्ये तोडलं नाही.

"निघालोच," तो म्हणाला, आणि उठता उठता त्याने चिमीचा हात जो धरला, तो खाली फाटकापर्यंत सोडला नाही.